चित्रकलेतील जांभळा रंग

जांभळा हा तांबडा आणि निळा या रंगांच्या दरम्यान येणाऱ्या छटांचा समूह आहे. चित्रकलेच्या पारंपरिक रंगचक्रात नारिंगी आणि हिरव्या रंगांबरोबर त्याची गणना दुय्यम रंगांत होते, तर पिवळ्याचा तो पूरक रंग मानला जातो. ‘तांबडा आणि निळा मिळून जांभळा’ हे समीकरण शालेय वयातच पाठ होत असले, तरी प्रत्यक्ष चित्रणात हा रंग अवघड समजला जातो. स्वच्छ जांभळा तयार करणे, चित्रातील उजेड-अंधाराच्या रचनेत त्याला योग्य जागी बसवणे आणि तो वर्षानुवर्षे टिकवणे, अशा तीन अडचणी त्यात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीय चित्रकारांजवळ तेजस्वी आणि भरवशाचे असे स्वतंत्र जांभळे रंगद्रव्य जवळजवळ नव्हते. त्यामुळे जांभळा बहुधा मिश्रणातूनच साधावा लागे, आणि मिश्रणातील तांबडे द्रव्य प्रकाशाने उडाले की चित्रातला जांभळा निळा होऊन जाई. कित्येक जुनी चित्रे आज पाहताना मूळ जांभळ्याच्या जागी उरलेला निळाच आपण पाहत असतो.

संज्ञा

मराठीतील ‘जांभळा’ हे विशेषण ‘जांभूळ’ या फळाच्या नावावरून आले आहे. इंग्रजीत ‘व्हायोलेट’ आणि ‘पर्पल’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी सामान्यतः ‘जांभळा’ हा एकच शब्द वापरला जातो. छटांचा भेद दाखवण्यासाठी वांगी, आमसुली, किरमिजी अशी विशेषणे व्यवहारात आहेत. इंद्रधनुष्यातील रंग लक्षात ठेवण्यासाठी शिकवल्या जाणाऱ्या ‘तानापिहिनिपाजा’ या सूत्रातील शेवटचे अक्षर ‘जा’ म्हणजे जांभळा. येथे तो वर्णपटाच्या टोकाचा, निळ्या-पारव्यापलीकडचा रंग आहे. मात्र जांभळाच्या गराचा किंवा आमसुलाचा रंग या सूत्रातील ‘जा’ नव्हे. त्यात तांबड्याचा अंश स्पष्ट असतो. एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी सामावल्याने रंग मिसळताना गोंधळ होऊ शकतो. म्हणून कोणता जांभळा हवा आहे, निळ्याकडे झुकणारा की तांबड्याकडे, हे आधी ठरवणे आवश्यक असते.

वर्णपटातील स्थान

दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात सुमारे ३८० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जांभळा दिसतो. तांबडट जांभळ्या छटांना मात्र वर्णपटात स्थान नाही. कोणत्याही एका तरंगलांबीच्या प्रकाशाने किरमिजीसारखा रंग दिसत नाही. वर्णपटाच्या दोन्ही टोकांचा, म्हणजे तांबडा आणि निळा, प्रकाश एकाच वेळी डोळ्यांत शिरला म्हणजे तो दिसतो. आयझॅक न्यूटन यांनी १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात वर्णपटाची सरळ पट्टी वाकवून तिचे वर्तुळ केले आणि तांबडे व जांभळे टोक एकमेकांशेजारी आणले. चित्रकारांच्या रंगचक्राची कल्पना पुढे याच मार्गाने रूढ झाली.

मानवी डोळा दिवसाच्या उजेडात सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला त्याची संवेदनक्षमता फारच कमी होते. शिवाय वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा-जांभळा प्रकाश अधिक प्रमाणात अडवते. ज्यांच्या डोळ्यांना तांबडा प्रकाश नीट जाणवत नाही, अशा वर्णांध व्यक्तींना जांभळा आणि निळा यांतील फरक ओळखणे कठीण जाते.

मिश्रणातील अडचण

शेंदरी तांबडा आणि हिरवट निळा, उदाहरणार्थ व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लू, एकत्र केल्यास जांभळ्याऐवजी तपकिरी किंवा काळपट रंग मिळतो. विद्यार्थ्यांना बहुधा आपले प्रमाण चुकले असे वाटते. परंतु प्रमाण कितीही बदलले तरी या जोडीतून स्वच्छ जांभळा निघत नाही.

याचे कारण रंगद्रव्ये प्रकाश कसा शोषतात यात आहे. रंगद्रव्य स्वतः प्रकाश देत नाही. पडलेल्या प्रकाशातील काही भाग ते शोषते आणि उरलेला परत पाठवते. दोन द्रव्ये मिसळली की दोघांच्याही शोषणातून वाचलेला प्रकाशच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. जांभळा दिसण्यासाठी वर्णपटाचा मधला, म्हणजे हिरवा-पिवळा भाग शोषला जावा आणि तांबडा व निळा ही दोन्ही टोके परत यावीत, अशी अट आहे. व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड ही द्रव्ये हिरव्याबरोबर निळा प्रकाशही जवळजवळ पूर्ण शोषून घेतात. प्रशियन ब्लू तांबडा प्रकाश शोषतो. दोन्ही एकत्र आल्यावर एकाने राखलेले टोक दुसरा खाऊन टाकतो आणि मागे काळोख उरतो.

याउलट गुलाबीकडे झुकणारा तांबडा, म्हणजे क्रिमसन, रोज किंवा मॅजेंटा, मुख्यतः हिरवा भाग शोषतो आणि निळ्या प्रकाशाचा बराच अंश परत पाठवतो. अल्ट्रामरिन ब्लू हा निळा असला तरी त्याचा कल जांभळ्याकडे असतो. या दोहोंच्या मिश्रणात दोन्ही टोके शिल्लक राहतात आणि स्वच्छ जांभळा मिळतो. चित्रकार हाच नियम थोडक्यात असा सांगतात की, दोन्ही घटकांत पिवळ्याचा अंश नसावा. कारण पिवळा हा जांभळ्याचा पूरक असल्याने त्याचा थोडाही शिरकाव झाला की जांभळा मळतो.

महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या ताम्हणाचे चित्र हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या पाकळ्यांची गुलाबी झाक असलेली फिकट जांभळी छटा साध्या तांबड्या-निळ्यातून येत नाही. गुलाबी रंगात अल्ट्रामरिनचा अगदी अल्प अंश मिसळून आणि जलरंगात भरपूर पाणी वापरूनच ती साधते. निळा नेहमी थोडा थोडा घालावा लागतो, कारण गडद रंग फिक्या रंगावर लवकर मात करतो.

मळकट जांभळा सर्वस्वी टाकाऊ नसतो. दूरच्या डोंगररांगा, पावसाळी आकाश किंवा संध्याकाळचा धूसरपणा दाखवण्यासाठी राखाडीकडे झुकणारा जांभळाच उपयोगी पडतो. म्हणून मिश्रणात पिवळा टाळण्याइतकेच, हवा तेथे तो जाणीवपूर्वक मिसळणेही महत्त्वाचे असते.

उजळपणाचा प्रश्न

रंगचक्रातील सर्व शुद्ध रंगांत पिवळा सर्वांत उजळ आणि जांभळा सर्वांत गडद असतो. जर्मन साहित्यिक गटे यांनी रंगांच्या उजळपणाची जी प्रमाणे मांडली, त्यांत पिवळ्याला ९ आणि जांभळ्याला ३ हा अंक दिला आहे. विसाव्या शतकात योहानेस इटेन यांनी कलाशिक्षणात याच प्रमाणांचा उपयोग केला. त्यांच्या मते पिवळा आणि जांभळा यांचा समतोल साधायचा असेल, तर पिवळ्याच्या तिप्पट क्षेत्र जांभळ्याला द्यावे लागते.

या गडदपणामुळे चित्रकारापुढे पेच निर्माण होतो. शुद्ध जांभळा जाड थरात लावला की थोड्या अंतरावरून तो काळाच भासतो आणि त्याचा रंग म्हणून प्रभाव पडत नाही. तो ओळखू यावा म्हणून पांढरा मिसळला की रंग उजळतो, पण त्याची तीव्रता घटते आणि मूळ कलही बदललेला दिसतो. गडद असताना सारखेच वाटणारे दोन जांभळे पांढरा मिसळताच एक गुलाबी आणि दुसरा निळसर निघू शकतो. म्हणून नवा जांभळा वापरण्यापूर्वी त्याचा जाड थर, पातळ थर आणि पांढऱ्यासह मिश्रण असे तीन नमुने कागदावर काढून पाहण्याची पद्धत आहे. जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि ॲक्रिलिक रंग वाळल्यावर किंचित गडद होतो, हेही अशा नमुन्यांवरून लक्षात येते.

प्रकाशाचा प्रकारही परिणाम करतो. पिवळसर दिव्याखाली निळ्या प्रकाशाचा अंश कमी असल्याने जांभळा तांबूस किंवा तपकिरी भासतो. रात्री दिव्याखाली जमवलेला जांभळा सकाळच्या उजेडात वेगळा दिसतो, त्याचे कारण हेच.

रंगद्रव्यांचा इतिहास

प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या परिसरात ‘टायरियन पर्पल’ हा जांभळा रंग म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगाईंपासून मिळवला जाई. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगाईंपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंजक मिळवून त्याची रासायनिक घडण निश्चित केली. या आकड्यांवरून त्याच्या दुर्मिळतेची कल्पना येते. त्याचा मुख्य उपयोग राजवस्त्रे रंगवण्यासाठी होई. चित्रकाराच्या रोजच्या वापरातला तो रंग नव्हता.

चीनमध्ये बेरियम, तांबे आणि सिलिका यांपासून बनवलेले ‘हान पर्पल’ हे कृत्रिम रंगद्रव्य प्रचारात होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील छिन श-ह्वांग या सम्राटाच्या समाधीजवळील मातीच्या सैनिकांवर त्याचे अवशेष सापडले आहेत. हान राजवटीनंतर त्याचा वापर लोप पावला.

लोहाचे तांबडे प्राणिद, म्हणजे गेरूवर्गीय द्रव्य, अधिक तापवल्यास जांभळट छटेकडे झुकते. हा रंग अत्यंत टिकाऊ असतो. परंतु त्यात तपकिरीपणा असल्याने फुलांचा किंवा रेशमाचा तेजस्वी जांभळा त्यातून मिळत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील प्रमुख रंगद्रव्यांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि लाजवर्द यांचा समावेश होतो. या प्रमुख द्रव्यांत स्वतंत्र जांभळे नाही. भारतात नीळ आणि लाखेपासून मिळणारा तांबडा रंग हे दोन्ही पूर्वापार उपलब्ध होते. लघुचित्रांतील जांभळ्या छटांसाठी अशा सेंद्रिय रंगांची मिश्रणे उपयोगी पडत. लघुचित्रे भिंतीवर टांगण्याऐवजी बासनात किंवा चित्रसंग्रहात ठेवली जात असल्याने त्यांना प्रकाशापासून संरक्षण मिळाले.

युरोपातील प्रबोधनकालीन चित्रकार अझुराइट किंवा लाजवर्दापासून केलेल्या अल्ट्रामरिनमध्ये तांबडे ‘लेक’ मिसळून, अथवा निळ्यावर तांबड्याचा पारदर्शक थर देऊन जांभळा साधत. वनस्पती किंवा कीटकांपासून मिळणारा विद्राव्य रंग तुरटीसारख्या क्षाराच्या साहाय्याने अविद्राव्य स्वरूपात आणला म्हणजे ‘लेक’ तयार होते. मंजिष्ठवर्गीय मुळे, लाख, किरमिजी किडे आणि कोचिनियल हे त्याचे प्रमुख स्रोत होते. ही द्रव्ये देखणी व पारदर्शक होती, पण त्यांपैकी अनेक प्रकाशात उडत असत.

१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेत तयार करण्याचा प्रयत्न करीत होता. त्याला क्विनीनऐवजी ‘मॉव्ह’ हे जांभळे रंजक मिळाले आणि त्यातून कृत्रिम रंजकांचा उद्योग उभा राहिला. चित्रकारांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची ठरली ती दोन खनिज रंगद्रव्ये: १८५९ मधील कोबाल्ट व्हायोलेट आणि १८६८ मधील मँगनीज व्हायोलेट. आता तेजस्वी जांभळा मिश्रणाशिवाय थेट वापरता येऊ लागला. अर्थात त्यांनाही मर्यादा होत्या. कोबाल्ट व्हायोलेट महाग असून त्याची रंगवण्याची शक्ती कमी आहे, आणि त्याचा आर्सेनिकयुक्त प्रकार विषारी होता. मँगनीज व्हायोलेट अल्कलीत विघटित होत असल्याने चुन्याच्या ओल्या गिलाव्यावरील चित्रांसाठी निरुपयोगी ठरतो.

जांभळ्या सावल्या आणि दृक्प्रत्ययवाद

नवी रंगद्रव्ये उपलब्ध झाली त्याच सुमारास फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकार उघड्यावर बसून निसर्ग रंगवू लागले होते. सावली म्हणजे काळा किंवा तपकिरी रंग, ही समजूत त्यांनी सोडली. सूर्यप्रकाशातील सावलीवर निळ्या आकाशाचा उजेड पडत असतो. त्याखेरीज मिशेल शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, शेजारी असलेले रंग परस्परांवर आपल्या पूरक रंगाची झाक आणतात. पिवळसर उन्हाशेजारची सावली त्यामुळे जांभळट भासते. क्लोद मोने, कामीय पिसारो आदींच्या चित्रांतील जांभळ्या सावल्यांमागे निरीक्षण आणि हा सिद्धांत दोन्ही होते.

समकालीन समीक्षकांना हे मानवले नाही. १८७६ च्या प्रदर्शनावर ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात लिहिताना आल्बेर वोल्फ यांनी, झाडे जांभळी नसतात हे पिसारोंना कोणी समजावून सांगावे, अशा आशयाची टीका केली. जांभळ्याचा हा अतिरेक म्हणजे डोळ्यांचा किंवा मेंदूचा विकार होय, असेही काहींनी म्हटले. आज मात्र सावलीत जांभळा पाहणे हे निसर्गचित्रणाच्या प्राथमिक पाठांपैकी एक झाले आहे.

उडालेला जांभळा: व्हिन्सेंट व्हॅन गॉग

जांभळा टिकवण्याच्या प्रश्नाचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचे ‘शयनगृह’ हे चित्र. ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्ल येथे त्यांनी ते रंगवले आणि भाऊ थिओ यांना लिहिलेल्या पत्रात त्यातील एकेका वस्तूचा रंग नोंदवला. त्या नोंदीनुसार भिंती फिकट जांभळ्या, दारे त्याच कुळातील लायलॅक छटेची आणि पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा होता. हे रंग पाहून मनाला विसावा मिळावा, असा त्यांचा हेतू होता. आज ॲम्स्टरडॅममधील या चित्रात, तसेच १८८९ मध्ये त्यांनी केलेल्या शिकागो आणि पॅरिस येथील आवृत्त्यांत, भिंती निळ्या दिसतात. जांभळ्यातील तांबडे द्रव्य उडून गेले आणि निळे तेवढे मागे राहिले.

हा केवळ छटेतील किरकोळ बदल नाही. पिवळा पलंग आणि जांभळी भिंत ही पूरक रंगांची जोडी होती. त्या जोडीवर चित्राचा समतोल बेतला होता. भिंत निळी झाल्यावर पिवळ्याचा प्रतिस्पर्धी बदलला आणि चित्र अधिक थंड, अधिक तीव्र भासू लागले. पत्र उपलब्ध नसते, तर निळी भिंत हीच चित्रकाराची इच्छा होती असे मानले गेले असते.

‘आयरिस’ या फुलांच्या चित्रांचीही हीच कथा आहे. मे १८९० मध्ये काढलेल्या दोन चित्रांपैकी एकात जांभळी फुले लिंबासारख्या पिवळ्या पार्श्वभूमीवर, तर दुसऱ्यात गुलाबी पार्श्वभूमीवर होती. पहिल्यात तीव्र विरोध आणि दुसऱ्यात सौम्य सुसंवाद साधावा, अशी योजना होती. आज दोन्हींतील फुले निळसर झाली आहेत आणि दुसऱ्यातील गुलाबी पार्श्वभूमी जवळजवळ पांढरी दिसते. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातील १८८९ च्या ‘आयरिस’ चित्रातील फुलेही मूळची अधिक जांभळी होती.

या ऱ्हासाला मुख्यतः ‘जिरेनियम लेक’ हे इओसिन या कृत्रिम रंजकापासून केलेले द्रव्य कारणीभूत आहे. इओसिनच्या रेणूत ब्रोमीन असते. रंग उडाला तरी ब्रोमीन रंगाच्या थरात शिल्लक राहू शकते. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे स्थान शोधून तांबडा मूळात कोठे होता याचा नकाशा तयार करता येतो. चौकटीखाली झाकलेल्या कडांना प्रकाश लागत नसल्याने तेथेही मूळ रंगाचा पुरावा मिळतो. शिकागो येथील ओग्युस्त रन्वार यांच्या ‘मादाम लेऑं क्लापिसों’ (१८८३) या व्यक्तिचित्राची पार्श्वभूमी मूळची किती भडक होती, हे चौकटीखालच्या कडेवरूनच लक्षात आले.

उडालेला रंग परत आणता येत नाही. मूळ चित्रावर नवा रंग चढवणे संवर्धनाच्या तत्त्वात बसत नसल्याने संग्रहालये संगणकावर मूळ रूपाची प्रतिकृती तयार करतात. पुढील हानी रोखण्यासाठी जलरंगातील आणि इतर नाजूक चित्रांवर सुमारे ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे. व्हॅन गॉग यांना नव्या रंगांच्या अस्थिरतेची जाणीव होती. काळ रंगांना सौम्य करीलच, म्हणून ते अधिक भडक लावावेत, असे त्यांनी १८८८ मध्ये लिहिले होते. परंतु मिश्रणातील एकच घटक उडाला, तर रंग सौम्य न होता निराळाच होतो.

आधुनिक रंगद्रव्ये आणि निवड

विसाव्या शतकात परिस्थिती पुष्कळ सुधारली. १९५८ पासून बाजारात आलेली क्विनाक्रिडोन वर्गातील द्रव्ये गुलाबी ते तांबडट जांभळ्या छटा देतात आणि ती टिकाऊ आहेत. डायॉक्साझिन व्हायोलेट हे अतिशय गडद व प्रभावी निळसर जांभळे आहे. मात्र फिक्या थरात, विशेषतः जलरंगात, त्याचा टिकाऊपणा उत्पादनानुसार कमी-अधिक आढळतो. अल्ट्रामरिन व्हायोलेट प्रकाशात टिकतो, पण आम्लाने बिघडतो. १८६८ मध्ये प्रथम कृत्रिमरीत्या तयार झालेल्या अलिझारिनपासूनचे अलिझारिन क्रिमसन अजूनही विकले जाते. त्याच्या फिक्या थरांचा रंग उडतो. मिथिल व्हायोलेटवर आधारित स्वस्त रंग प्रकाशात फारच लवकर फिके पडतात.

नळीवरील ‘व्हायोलेट’ किंवा ‘पर्पल’ या नावावरून आतील द्रव्य कळत नाही, कारण एकाच नावाखाली निरनिराळे उत्पादक निरनिराळी द्रव्ये भरतात. उत्तम प्रतीच्या नळीवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. जांभळ्या द्रव्यांचे क्रमांक ‘पीव्ही’ या अक्षरांनी सुरू होतात: क्विनाक्रिडोन व्हायोलेटसाठी पीव्ही १९, डायॉक्साझिनसाठी पीव्ही २३, मँगनीज व्हायोलेटसाठी पीव्ही १६ आणि कोबाल्ट व्हायोलेटसाठी पीव्ही १४. एकाहून अधिक क्रमांक असल्यास तो रंग मिश्रण आहे, असे समजावे.

टिकाऊपणाची साधी चाचणी घरीही घेता येते. जाड कागदावर रंगाचा एक जाड आणि एक पातळ पट्टा ओढून त्यांचा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाकावा आणि तो कागद काही महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावा. नंतर झाकण काढल्यास दोन भागांतील फरक दिसतो. जांभळ्याच्या बाबतीत तो किती फिका पडला एवढेच न पाहता, तो निळा किंवा गुलाबी होऊ लागला आहे का, हेही पाहावे लागते.

छायाचित्रण आणि छपाई

जांभळ्या चित्रांची प्रतिकृती करणेही सोपे नसते. कॅमेऱ्याचा संवेदक आणि मानवी डोळा जांभळ्या प्रकाशाला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे जांभळी फुले छायाचित्रात पुष्कळदा निळी उमटतात. चार रंगांच्या छपाईत जांभळा हा सायन आणि मॅजेंटा या शाईंच्या ठिपक्यांतून तयार होतो. या शाईंतून मिळणारा निळसर जांभळा मूळ रंगद्रव्याइतका तेजस्वी नसतो आणि मॅजेंटाचे प्रमाण किंचित घटले तरी तो निळा दिसतो. त्यामुळे पुस्तकातील चित्रावरून मूळ चित्रातील जांभळ्याविषयी निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. छायाचित्रावरून फुलांचे चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी शक्य असल्यास फूल प्रत्यक्ष पाहून, दिवसाच्या उजेडात रंगाचे मिश्रण जुळवून घेणे इष्ट ठरते.